केंडाचं कालवण

खिडकीखालचं ते बाक दिसतंय ना, एका पायाखाली वीट सरकवलेलं? त्याचे फोटो काढायला लोक जकार्ताहून येतात. मागच्या महिन्यात दोन पोरी आल्या. एकीने बाकावरून हात फिरवला, डोळे मिटून घेतले आणि मला हळूच विचारलं, "बू दार्सी, विरा सगारा इथेच बसून लिहायचे ना?"

मी म्हटलं, "लिहायचा नाही गं बाई. नुसता बसायचा."

पोरगी हसली. तिला वाटलं, म्हातारी थट्टा करतेय. मी कशाला थट्टा करू? कॉफीचं दुकान माझं, बाक माझं, आणि त्या बाकावर बूड टेकवून गावभरच्या गोष्टी चोरणारा तो माणूसही माझ्या डोळ्यांदेखत मोठा झालेला.

विरा सगारा हे नाव मुळात त्याच्या आईने ठेवलेलंच नाही. आईने ठेवलेलं नाव कास्मिजान. विरा म्हणजे वीर आणि सगारा म्हणजे सागर. समुद्राचा वीर! ह्या वीराला होडीत बसवलं की बंदराचा धक्का ओलांडायच्या आत ओकाऱ्या सुरू व्हायच्या. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. बाप दुसऱ्याच्या मिठागरात राबून राबून लवकर गेला. आई, म्हातारी सातिनाह, पाठीवर टोपली बांधून लासेमच्या बाजारात सुकट विकायची. सोन्यासारखी बाई. पोराला ऊन लागू नये म्हणून तिने त्याला कधी मिठागरात पाऊल टाकू दिलं नाही. पुढे नाव झाल्यावर त्याने मिठागरावरही पुस्तक लिहिलं आणि त्यात म्हणे मिठाने फुटलेल्या टाचांचं असं वर्णन केलं की शहरातल्या बायका रडल्या. त्याच्या टाचा मी पाहिल्यात. लोण्यासारख्या आहेत.

मासळीच्या लिलावात कारकून म्हणून चिकटला होता. तिथे बोली लागायची तेव्हा ह्याचं लक्ष भलतीकडेच, म्हणून हाकलला. तेव्हापासून माझ्या दुकानात मुक्काम.

आमच्याकडे पुरुष कॉफी पितात ती खरं म्हणजे गाळासाठी. वरचं पाणी घोटभर, उरलेला गाळ बशीत ओतून निथळायचा, त्यात थेंबभर घट्ट दूध कालवायचं आणि दात कोरायच्या काडीने सिगारेटीवर वेलबुट्टी काढायची. मग ती सिगारेट वाळवून ओढायची. बायका घरात बाटिकच्या कापडावर मेणाने नक्षी काढतात, पुरुष इथे सिगारेटी रंगवतात. आता रंगवताना मान खाली असते. समोरच्याच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. म्हणून माणूस जे बायकोला सांगत नाही ते माझ्या दुकानात बोलून जातो. कुणाच्या भावाने कुणाची होडी बुडवली, कुणाची सून माहेरी का गेली, सगळं. मी ऐकते आणि कपाबरोबर विसळून टाकते. गावात राहायचं तर असंच राहावं लागतं.

कास्मिजान तासभर एका सिगारेटीवर एक वाकडी रेघ काढत बसायचा. मला वाटायचं, बिचाऱ्याला चित्र जमत नाही. कान टवकारून बसलाय हे कुठे माहीत! आयत्या बिळावर नागोबा.

पहिलं पुस्तक आलं, 'खाजणातला चंद्र'. त्यात सगळं होतं ते दार्मो काकांचं. पूर आला तेव्हा दार्मो काकांनी बैल कसा वाचवला, बायकोशी कसे भांडले, अगदी जसंच्या तसं. फक्त शेवटी ह्याने त्यांना पुरात बुडवून मारलं. शाळेतल्या कुणीतरी वाचून सांगितलं तेव्हा दार्मो काका इथेच कॉफी पीत होते.

"मला मारलं?"

"हो काका. बैलासकट."

"पण मला तर पोहता येतं!"

"पुस्तकात येत नाही."

काकांनी बशीतला गाळ निथळला. मग म्हणाले, "बैलाला तरी येऊ द्यायचं होतं." साधा माणूस. त्यांनी मनावर घेतलं नाही, कुणीच घेतलं नाही. आम्हाला वाटलं, पोरगं आहे, करतंय काहीतरी.

दुसरं पुस्तक कुणी वाचलंच नाही. 'शीड नसलेलं गलबत' असं काहीसं नाव. तो म्हणायचा, ते रिकामेपणाबद्दल आहे. रिकामं होतं खरं, खोटं नाही बोलला. त्या काळात तो जकार्ताला भाड्याच्या खोलीत राहायचा आणि आईच्या सुकटीवर जगायचा. म्हातारी दर पंधरवड्याला बसवाल्याच्या हाती डबा पाठवायची.

आणि मग तिसरं, 'केंडाचं कालवण'. ज्याने तो मोठा झाला ते.

त्यात एक बाई आहे. कापडावर मेण काढणारी. तिचा नवरा दुसरीचा हात धरून मलेशियाला निघालाय. जायच्या आदल्या संध्याकाळी ही बाई त्याला केंड ह्या विषारी माशाचं आंबट-तिखट कालवण करून वाढते. तो खातो, ओठ बधिर होतात आणि मरतो. ती त्याला मेणाच्या चुलीखाली पुरते आणि आयुष्यभर त्या चुलीपाशी बसून कापडावर फुलं काढते. शहरात म्हणे लोक वेडे झाले ह्या गोष्टीने. बक्षीस मिळालं. परक्या भाषांत गेलं. टीव्हीवर त्याला कुणीतरी विचारलं, हे कुठून सुचलं? तर हा छातीवर हात ठेवून म्हणाला, "सुचलं नाही. घडलंय. माझ्या गावात, माझ्या शेजारी. एक अक्षर मी पदरचं घातलेलं नाही." ते वाक्य मग पुस्तकाच्या पाठीवर छापलं. माणूस त्या एका वाक्यावर उभा आहे. पुस्तक बाजूला ठेवा, लोक त्या वाक्याचे पैसे देतात.

बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, म्हणून सोडून दिलं असतं. पण ह्या शहाण्याने बाईचं नावसुद्धा बदललं नाही. रुमिनी. मी नंतर विचारलं तर म्हणतो, नावाला लय आहे.

रुमिनी माझ्या भिंतीला भिंत लावून राहते. सकाळी माझी कॉफी भाजली जाते आणि पलीकडे तिचं मेण वितळतं, दोन्ही वास एक होतात. तिचा नवरा तास्रिप बांधकामावर म्हणून मलेशियाला गेला तेव्हा पुजियाती रांगत होती. काही वर्षं पत्रं आली, मग थांबली. कुणाच्या तरी मेव्हण्याने त्याला जोहोरमध्ये पाहिलं, खांद्यावर लहान पोर घेऊन चाललेला. हे सगळ्या गावाला माहीत आहे. रुमिनीसमोर आजवर कुणी उच्चारलेलं नाही. विषय निघालाच तर आम्ही म्हणतो, "तास्रिप अजून परतला नाही," जसा काही कोपऱ्यावर आगपेटी आणायला गेलाय. तीही म्हणते, "नाही ना अजून." त्याला काय म्हणायचं ते म्हणा. आम्ही त्याला माणुसकी म्हणतो.

आणि केंड! अहो, आमच्या किनाऱ्यावर केंड कुणी घरात आणत नाही. जाळ्यात आला की शिवी हासडून परत फेकतात. पुस्तकातली बाई तो बाजारातून विकत आणते म्हणे. कोण विकतं केंड? माझा बाप?

तर गावात कुणी पुस्तकं वाचत नाही, त्यामुळे बरेच दिवस निभावलं. पण पुजियातीचं लग्न ठरलं. मुलगा मुस्ताकिम, शेजारच्या गावचा, होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. गुणी पोरगा, हाताला सतत काळं तेल आणि तोंडात कधी वाईट शब्द नाही. दोघांनी एकमेकांना पसंत केलेलं. अंगठी झाली, चिकट भाताच्या पाट्या आल्या, गावभर वाटल्या. आणि मग मुलाच्या आत्याने, जी शाळेत शिकवते, ते पुस्तक वाचलं.

मुलाची आई, हज करून आलेली झुम्रोहबाई, रुमिनीच्या दारात गेली नाही. माझ्याकडे आली. कॉफी मागितली आणि तिला हात लावला नाही.

"बू दार्सी, तुम्हाला स्पष्ट विचारते."

"विचारा."

"तास्रिप कुठाय?"

"परतला नाही अजून."

"ते मला माहिताय. जिवंत आहे का?"

"अहो, असं काय विचारता! पोरांच्या खेळातल्या गोष्टीवर—"

"पोरांचा खेळ कसा? छापलंय. बक्षीस दिलंय. मोठमोठी माणसं खोट्याला बक्षीस देतील का? मी म्हणत नाही की रुमिनीने काही केलं. पण उद्या माझा मुलगा त्या घरात जेवायला बसेल, तेव्हा मला घरी घास उतरायचा नाही." तिचे डोळे भरून आले. वाईट बाई नव्हती ती. भ्यायली होती, बस. उठताना म्हणाली, "ज्याने लिहिलं त्याने एकदा चार माणसांत सांगू दे की हे मी रचलं. माझ्या नवऱ्याच्या कानांनी ते ऐकलं की मी स्वतः लग्नाचा दिवस काढून आणते. तोवर थांबू."

थांबू म्हणजे काय ते आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं.

त्या दुपारी मी रुमिनीकडे गेले. ती चुलीपाशी बसून कापडावर मेण सोडत होती, पण हात चालत नव्हता, मेणाचा ठिपका पडून पसरला होता. एवढ्या वर्षांत मी तिच्या कापडावर डाग पाहिला नव्हता.

"झुम्रोहबाई आल्या होत्या ना?" ती म्हणाली.

"येऊ दे. आपण बघू काय ते."

"लोकांचं सोड गं." तिने मेणाची लेखणी खाली ठेवली. "काल पुजियाती चुलीकडे बघत उभी होती. मला म्हणाली, आई, तू खरंच...? पुढचं बोलली नाही. अंगठी काढून तांदळाच्या डब्यात टाकली आणि झोपली." मग अगदी हळू म्हणाली, "माझ्या पोटच्या पोरीने विचारलं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येऊन तडक त्याला फोन लावला.

"कास, एक वाक्य बोल. जास्त नको. ये आणि झुम्रोहबाईच्या घरी सांग की ही गोष्ट रचलेली आहे."

"बू, तुम्हाला कळायचं नाही. साहित्यात खरं आणि खोटं असं काही नसतं."

"असं? मग टीव्हीवर छातीवर हात ठेवून काय सांगत होतास?"

"ते वेगळ्या अर्थाने खरं आहे. आतलं खरं."

"आतलं तुझं तुझ्यापाशी ठेव. इथे पोरीचं लग्न मोडतंय बाहेर."

मग त्याचा आवाज बदलला, अगदी लहानपणी सुकट चोरताना सापडायचा तसा झाला. "बू, मी एकदा म्हटलं की रचलंय, तर माझ्यापाशी काय उरेल?"

एवढं एक वाक्य तो माझ्याशी खरं बोलला. मी म्हटलं, "तुझ्या आईने ह्यासाठी पाठीला टोपली बांधली होती का रे?" त्याने फोन ठेवला.

आई जाऊन तोवर तीन वर्षं होत आली होती. हजाराव्या दिवसाचं जेवण घालायचं, थडग्यावर दगड बसवायचा, ते एकुलत्या एक पोराचं काम. आला बाबा. पांढरा सदरा, डोळ्यांवर काळा चष्मा आणि मागे शहरातली पाच-सहा माणसं कॅमेरा घेऊन. 'लेखक मातीकडे परततो' असं काहीतरी ते चित्रण होतं. माती! बूट काढायच्या आधी त्याने पायरीवर फडकं मागितलं.

आम्ही बायका त्याच्या घरी राबायला गेलो. कुणाच्याही घरी कार्य असलं की शेजारणींनी चुलीपाशी जायचं, ते बोलवायची वाट बघत नाहीत. गेलो ते म्हातारीसाठी, त्याच्यासाठी नाही. आणि रुमिनीही आली. मी म्हटलं, "तू कशाला?" तर म्हणाली, "त्याच्या आईने माझ्या बाळंतपणात महिनाभर मला मासे आणून दिले. मी तिचं जेवण चुकवू?" खोबऱ्याच्या दुधात केळी शिजत होती, ती ढवळायला बसली.

तेवढ्यात हा कॅमेऱ्यासकट स्वयंपाकघरात. "ह्या आमच्या गावच्या बायका," म्हणाला. शहरातल्या एका मुलीने विचारलं, "मावशी, तुमचं नाव काय?" रुमिनीने सांगितलं. त्या मुलीने तिच्याकडे बघितलं, मग पातेल्याकडे बघितलं आणि एक पाऊल मागे सरकली. दुसरी कुजबुजली, "त्याच ह्या? चूल कुठेय?"

रुमिनीचा हात क्षणभर थांबला. मग ती पुन्हा ढवळू लागली, नाहीतर दूध फाटलं असतं.

आणि तो? समुद्राचा वीर? तिथेच उभा होता. एक शब्द पुरे होता. हसला आणि मूग गिळून बाहेर गेला. मी आजवर पुष्कळ नालायक माणसं पाहिलीत, दारू पिऊन बायकोला मारणारी, भावाचं जाळं कापणारी. पण त्यांना निदान आपण नालायक आहोत हे माहीत असतं.

मी कॉफीचा कप घेऊन अंगणात गेले. झाडाखाली गावचे मोदिन बसले होते, पाक जाझुली. मयत असो की बारसं, घरधन्याच्या वतीने चटईवर बसून बोलायचं ते काम मोदिनचं. यजमान स्वतः बोलत नाही. मोदिन बोलतात आणि दर वाक्यामागे बसलेले सगळे "होय जी" म्हणतात. तो बोल संपेपर्यंत मध्ये कुणी खाकरतसुद्धा नाही. मध्ये तोडलं तर जेवण मेलेल्या माणसाला पोचत नाही.

"पाक मोदिन, आज काय बोलणार?"

"नेहमीचंच गं. मयताने कुणाला दुखावलं असेल तर पोटात घाला."

"सातिनाहने कुणाला दुखावलं हो? सुकट विकली आणि मेली."

"म्हणायची रीत आहे."

"दुखावलं ते पोराने."

त्यांनी माझ्याकडे वर बघितलं. "दार्सी, मी चटईवर कुणाची अब्रू काढायला बसत नाही."

"अब्रू नका काढू. माफी मागा. रीतच आहे ना?"

ते बशीतल्या गाळात काडी बुडवून सिगारेटीवर बारीक पानं काढत राहिले. पुष्कळ वेळाने म्हणाले, "आज कॉफी चांगली झालीय." बस, एवढंच. मला वाटलं, ह्यांनीही हात झटकले.

पुरुष चटयांवर मांडी घालून बसले. मधोमध अख्ख्या कोंबड्या, चिकट भात, आपम, ती केळी. झुम्रोहबाईचा नवरा, हाजी बिस्री, भिंतीला टेकून बसला होता, त्याच्या घरी म्हातारीची सुकट जायची म्हणून त्यालाही बोलावणं होतं. कास्मिजान मोदिनच्या शेजारी, मान खाली, हात पोटावर बांधून. कसा अगदी गावचा दिसत होता! कॅमेरावाला कोपऱ्यात. आम्ही बायका स्वयंपाकघराच्या दारात.

मोदिनांनी सुरुवात केली. आवाज नेहमीचाच, सपाट, जरासा नाकातला.

"ह्या घरची सातिनाह हिला आज हजार दिवस झाले. तिच्या नावाने हे जेवण."

"होय जी."

"तिच्या हातून कुणाला माप कमी गेलं असेल, ते शेजाऱ्यांनी पोटात घालावं."

"होय जी."

"तिच्या तोंडून कुणाला वावगा शब्द गेला असेल, तोही पोटात घालावा."

"होय जी."

"तिच्या पोटच्या पोराने, कास्मिजानने, शेजारच्या रुमिनीबद्दल पुस्तकात जे लिहिलं ते त्याने मनाने रचलं. तसं घडलेलं नाही. त्याबद्दल तो आज आईच्या जेवणावर बसून माफी मागतो."

"होय जी."

सगळ्यांत आधी कुणाचा आवाज आला असेल? त्याचाच. सगळ्यांत मोठ्यानेही त्याचाच. यजमानाने मोठ्याने म्हणायचं असतं हे आईने लहानपणी शिकवलेलं. विरा सगारा झाला, विमानात बसला, तरी तोंड कास्मिजानचंच राहिलं. वडीलधारा चटईवर काही बोलला की आमच्यातल्या कुणाचंही तोंड विचार करायच्या आत उघडतं. मग त्याच्यामागे अख्खं घर म्हणालं, "होय जी," आणि भिंतीपाशी बसलेला हाजी बिस्रीही म्हणाला.

तेव्हा त्याने मान वर केली. चेहरा मिठासारखा पांढरा. तोंड उघडलं, मिटलं. मोदिन थांबलेच नव्हते, ते पुढच्या वाक्यावर गेले होते, म्हातारीच्या थडग्यात उजेड राहो वगैरे. मध्ये तोडलं असतं तर आईचं जेवण वाया. तो आईपुढे घाबरला. माझ्या मनात त्याच्याबद्दल जे काही चांगलं शिल्लक आहे ते एवढंच. शेवटच्या वाक्याला अगदी बारीक आवाजात "होय जी" म्हणाला.

माझ्या शेजारी रुमिनी उभी होती. तिने पदर तोंडाला लावला. पुजियाती मागे पाणी भरत होती, तिने हंडा खाली ठेवला आणि आईच्या पाठीला कपाळ टेकून उभी राहिली. मीच मेली रडले.

हाजी बिस्री जेवणाचा पुडा घेऊन घरी गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी झुम्रोहबाई रुमिनीच्या दारात हजर, लग्नाचा दिवस काढून. ह्या खेपेला माझ्याकडची कॉफी बशीसकट संपवली.

आमचे लेखक महाराज माझ्या दुकानात येऊन थयथयाट करून गेले. "बू, तुम्ही सगळ्यांनी मिळून मला फसवलंत!"

मी म्हटलं, "होय जी."

पण ह्या माणसाला बुडवणं सोपं नाही. ते चित्रण फोनाफोनातून देशभर फिरलं. आम्हाला वाटलं, आता संपला. छे! जकार्तात कुणा विद्वानाने लिहिलं म्हणे, की लेखकाने आईच्या थडग्यापाशी स्वतःच्याच पुस्तकाला नाकारून सत्य आणि कल्पना ह्यांमधली भिंत पाडली. पुस्तक पुन्हा छापलं. हा आता तेच बोलत फिरतो, की मी मुद्दामच होय जी म्हटलं. ऐकणारेही तसलेच. उंटावरचे शहाणे एका गावात मावत नाहीत, म्हणून त्यांना राजधानी लागते.

लग्नाला तो आला. लग्नाला कुणाला नको म्हणत नाहीत. आणि लग्नघरात रिकामं कुणी बसत नाही. कुणी मांडव बांधतं, कुणी पाणी तापवतं. ह्याला काय येतं? खिळा ठोकायला सांगितला तर अंगठा ठोकेल. रुमिनीनेच म्हटलं, "दारातल्या टेबलावर बसू दे. म्हाताऱ्या पाहुण्यांना सही येत नाही, त्यांची नावं लिहील." मी वही त्याच्यापुढे ठेवली आणि बजावलं, "पाहुणे सांगतील तेवढंच लिही. पदरचं काही घालू नकोस."

तो टेबलापाशी गेला. बसला. दिवसभर लिहीत राहिला, नाव आणि गाव, नाव आणि गाव. पुजियातीचा काका तिच्या बापाच्या जागी बसला, कबूल-कबूल झालं, मुस्ताकिमच्या नखांत तेव्हाही काळं तेल होतं.

गर्दी ओसरल्यावर रुमिनी टेबलापाशी आली. मी तिथेच कप गोळा करत होते.

"कास, एक नाव राहिलं."

"कुणाचं?"

"तास्रिप."

त्याने वर बघितलं. मीही हातातला कप तसाच धरून राहिले. "तो आला होता?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग?"

"तुला येतं ना? लिही. उद्या पुजियातीची पोरं ही वही उघडतील. त्यांच्या आजोबाचं नाव त्यात असू दे."

कुणाला न विचारता पुस्तकंच्या पुस्तकं भरणारा हा माणूस, त्याचं पेन कागदावर अडलं. मग लिहिलं, सावकाश. नाव झालं आणि पुन्हा थांबला. खाली बघूनच विचारलं, "गाव काय लिहू?"

रुमिनीने दाराबाहेर बघितलं. मांडवातल्या खुर्च्या पोरं एकात एक रचत होती.

"जोहोर," ती म्हणाली.

इतक्या वर्षांत तिच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला. म्हणजे तिला सगळं माहीत होतं, आणि आम्हाला माहीत आहे हेही माहीत होतं. ती पदर खोचून पातेली घासायला आत निघून गेली.

त्याने लिहिलं. अक्षर चांगलं आहे मेल्याचं, एवढं मात्र मी म्हणेन.